पुढच्या पाठीवरचा पडदा

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानात माणूस पंधरा-सोळा तास एका जागी बसून असतो. जेवण, डुलक्या आणि पाय मोकळे करायच्या फेऱ्या वजा केल्या तरी एवढ्या वेळात चार-पाच सिनेमे सहज बसतात. त्या चार-पाचांत मेळ असा सहसा नसतो. पहिला गाजलेला हिंदी हाणामारीचा, दुसरा लहान मुलांसाठी काढलेला ॲनिमेशनपट, तिसरा कोरियन, चौथा कित्येक वर्षं पाहायचा राहून गेलेला कृष्णधवल, आणि विमान उतरू लागल्यामुळे अर्धाच राहिलेला समुद्राखालच्या जिवांवरचा माहितीपट. हाच माणूस घरी सोफ्यावर असता तर तेवढ्याच वेळात त्यानं एखादी मालिका दोन-तीन बैठकींत संपवली असती किंवा सात वेळा पाहिलेला सिनेमा आठव्यांदा लावला असता. या फरकाचं कारण विचारलं तर कंटाळा हे उत्तर मिळतं. ते अपुरं आहे, कारण घरीही माणसाला कंटाळा येतोच आणि घरचा कंटाळा त्याला ओळखीच्या गोष्टीकडेच परत नेतो. माझं म्हणणं असं की प्रवासात आपल्याच आवडीची आपल्यावरची पकड काही तास सैल होते आणि त्या सैलपणातून ही सरमिसळ घडते. यादी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते, ती कुठेतरी संपते आणि उठून दुसरीकडे जायची सोय नसते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस स्वतःहून कधीच पाहिला नसता असा सिनेमा पाहतो. म्हणून प्रवासातल्या सिनेमाचा इतिहास मला पडद्यांच्या आकाराइतकाच निवड कोणाच्या हातात होती याचाही इतिहास वाटतो.

सुरुवातीला प्रवाशाच्या हातात काहीच नव्हतं. १९२१ च्या ऑगस्टमध्ये एअरोमरीन एअरवेज या अमेरिकी कंपनीनं शिकागोवरून घिरट्या घालणाऱ्या विमानात त्या शहराबद्दलची एक छोटी फिल्म दाखवली. १९२५ मध्ये इंपीरियल एअरवेजनं लंडनजवळच्या एका उड्डाणात ‘द लॉस्ट वर्ल्ड’ हा मूकपट दाखवला. दोन्ही प्रसंग नवलाईचे होते, त्यांतून प्रथा पडली नाही. प्रथा पाडली ती डेव्हिड फ्लेक्सर या चित्रपटगृहांच्या मालकानं. उडत्या विमानात चालेल असा १६ मिलिमीटरचा प्रक्षेपक त्यानं बनवून घेतला आणि अख्खा सिनेमा एकाच मोठ्या रिळावर बसवला, म्हणजे मध्येच रीळ बदलायला माणूस लागू नये. १९ जुलै १९६१ रोजी न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला निघालेल्या टीडब्ल्यूए कंपनीच्या विमानात पहिल्या वर्गाच्या प्रवाशांनी लाना टर्नरचा ‘बाय लव्ह पझेस्ड’ पाहिला. नियमित विमानसेवेतल्या सिनेमाची सुरुवात त्या दिवसापासून धरली जाते. पुढची बरीच वर्षं एक विमान, एक पडदा, एक सिनेमा हीच रीत राहिली. आवाजासाठी दोन वर्षांतच पोकळ नळ्यांचे हेडसेट आले. त्यांत वीज नव्हती. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखा, खुर्चीच्या हातातून आलेला आवाज नळीतल्या हवेतून कानापर्यंत जायचा. या साध्या नळीनं एक मोठी गोष्ट साधली, तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे: चित्र सगळ्यांचं राहिलं आणि आवाज ज्याचा त्याचा झाला.

सगळ्यांसाठी एकच सिनेमा लावायचा तर तो कोणालाही खुपता कामा नये. त्यामुळे विमानासाठी सिनेमाच्या वेगळ्या, कापलेल्या प्रती निघू लागल्या. शिव्या पुसल्या जायच्या, उघडी अंगं आणि रक्त गाळलं जायचं, विमान अपघातावर तर सर्रास कात्री चालायची. १९८८ च्या ‘रेन मॅन’मध्ये डस्टिन हॉफमनचं पात्र विमानात बसायला नकार देतं आणि एकेका कंपनीचे अपघात तारीखवार सांगत सुटतं. अनेक विमान कंपन्यांनी नेमका हाच प्रसंग काढून टाकला. क्वांटासनं तो ठेवला, कारण तिथं तिची वाखाणणी होती. एका पडद्याच्या काळाबद्दल हळवं होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. त्या पडद्यावर सरमिसळ होती, पण ती वर्षभर अनेक प्रवास करणाऱ्याच्या वाट्याला यायची, आणि तीही कडा घासून गुळगुळीत केलेल्या सिनेमांची. दुसऱ्यानं निवडलेलं असणं एवढ्यानं काही साधत नाही. निवडणाऱ्याला कशाची भीती आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं.

आपल्याकडे ही भीती कोणाला नव्हती. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी देशात रंगीत दूरदर्शन सुरू झालं, एशियाडच्या निमित्तानं रंगीत संच घरोघर पोहोचू लागले, त्यांच्या मागोमाग व्हीसीआर आला आणि काही वर्षांतच महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ‘व्हिडिओ कोच’ धावू लागले. ड्रायव्हरच्या केबिनमागच्या काचेवर, छताला लागून, लाकडी किंवा पत्र्याच्या खोक्यात टीव्ही. खाली कप्प्यात व्हीसीआर. गाडी शहराबाहेर पडली, तिकिटं तपासून झाली की क्लीनर कॅसेट सरकवायचा. पुण्याहून नागपूरला किंवा मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्या लक्झरी गाडीत काय लागणार हे त्या दिवशी व्हिडिओ लायब्ररीत काय मिळालं, ड्रायव्हरला काय चालतं आणि टेप कुठे चावलेली आहे यावर ठरायचं. हिंदी मसालापट, दादा कोंडक्यांचा विनोद, हिंदीत बोलणारा दाक्षिणात्य देवपट, कुंग-फू. ढाब्यावर गाडी थांबली की सिनेमा थांबायचा आणि पुन्हा सुरू झाला की मागच्या रांगेतला कोणी मधलं काय गेलं ते शेजाऱ्याला विचारायचा. बागायतदार, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, माहेरी चाललेली बाई आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी यांनी एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकत्र पाहिली, असं दुसरीकडे क्वचितच घडत होतं. चित्रपटगृहात तिकिटाच्या दरानं बाल्कनी आणि स्टॉल वेगळे केले होते. गावातल्या थिएटरात बायका कोणत्या खेळाला येणार हेही ठरलेलं असे. व्हिडिओ कोचमध्ये अशी प्रतवारी नव्हती.

या काळाविरुद्ध दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला कायद्याचा. त्या कॅसेटी घरगुती वापरासाठी असायच्या आणि पुष्कळशा चोरट्या प्रती असायच्या. व्हिडिओच्या चोरीनं चित्रपटसृष्टीला एवढं पोखरलं की १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवावी लागली आणि कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता व सेन्सॉर प्रमाणपत्राची माहिती छापणं बंधनकारक झालं. प्रवाशांनी भरलेल्या गाडीत सिनेमा दाखवणं हे घरात दाखवणं नव्हे, हे उघड आहे. ज्यांनी सिनेमा काढला त्यांच्या पदरात या खेळांतून काही पडलं नाही. त्या अन्यायाचं समर्थन मला करायचं नाही. दुसरा आक्षेप सक्तीचा. ज्याला झोपायचं आहे त्याच्या डोक्यावर रात्री एकपर्यंत ढिशुम-ढिशुम चालू. शेजारी लहान मुलं किंवा सासरे बसलेले असताना पडद्यावर नको ते चाललंय, आणि एकटी प्रवास करणारी बाई क्लीनरला बंद कर म्हणू शकत नाही. ही तक्रार करणारी माणसं नाजूक होती असं म्हणणं चुकीचं ठरेल. पैसे देऊन घेतलेल्या आसनावर माणूस बांधलेला असतो आणि बांधलेल्या माणसाला काही दाखवताना दाखवणाऱ्याची जबाबदारी वाढते.

मात्र या सक्तीची नीट फोड केली तर तिचा मोठा भाग आवाजाचा निघतो. डोळे मिटता येतात, मान खिडकीकडे वळवता येते. कानांना पापण्या नाहीत. विमानातल्या पोकळ नळीनं १९६० च्या दशकात जे सोडवलं होतं ते आपल्या गाड्यांनी कधी सोडवलंच नाही. पडदा सगळ्यांचा आणि आवाज ज्याचा त्याचा, ही वाटणी झाली असती तर व्हिडिओ कोचची निम्मी नावड तिथेच मिटली असती. पुढे स्लीपर गाड्या आल्या आणि प्रश्नच उरला नाही. बर्थवर आडवा झालेला माणूस पडद्याआड झोपतो, त्याला केबिनवरचा टीव्ही दिसत नाही. आसनाची रचना बदलली आणि एकत्र पाहणं त्याबरोबर गेलं.

विमानात दरम्यान वेगळीच गोष्ट घडली. १९८८ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ मध्ये आसनागणिक पडदा बसवून पाहिला गेला. तो २.७ इंचांचा होता, काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही. पुढच्या दशकात पुढच्या आसनाच्या पाठीत बसवलेला पडदा लांबच्या उड्डाणांत रूढ झाला. या सोयीला तारा लागतात, वीज लागते, आणि विमानात वाढवलेल्या प्रत्येक तारेचा हिशेब द्यावा लागतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान आतल्या आगीमुळे कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून २२९ जण गेले. तपासात आगीचा माग करमणूक यंत्रणेच्या तारेवरील ठिणगीपर्यंत पोहोचला. तीच पहिली ठिणगी होती असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही, पण ती यंत्रणा विमानांतून काढण्यात आली आणि आतल्या आवरणाच्या ज्वलनशील साहित्याबद्दलचे नियम कडक झाले. बटण दाबून आपण जो सिनेमा सहज लावतो त्यामागे असा इतिहास आहे.

पाठीवरच्या पडद्यानं निवड प्रवाशाच्या हातात दिली, पण अख्खी नाही, आणि नेमकी हीच अर्धवट निवड मला मोलाची वाटते. विमान कंपन्या चित्रपट वितरकांकडून ठरावीक महिन्यांसाठी हक्क घेतात आणि यादी साधारण दर महिन्याला बदलते. चित्रपटगृहातून उतरलेला पण घरच्या पडद्यावर न आलेला नवा सिनेमा तिच्यात असतो. ज्या देशांना विमान जातं तिथल्या भाषांतले असतात, मुलांचे असतात आणि काही जुने मानाचे असतात. ही यादी करणाऱ्यासमोर एक विशिष्ट माणूस नसतो. तीनशे अनोळखी माणसं असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला निदान दोन-तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत. घरच्या ओटीटीचं गणित उलटं आहे. तिथलं यंत्र तुम्ही काल काय पाहिलं ते पाहून आज पुढ्यात काय मांडायचं ते ठरवतं, म्हणून यादी कितीही मोठी असली तरी दर्शनी भागात तुमचाच चेहरा दिसत राहतो. विमानातल्या यादीला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं. तिच्यात इराणी सिनेमा आणि डेव्हिड धवन एकाच पानावर शेजारी बसतात.

इथं आक्षेप येतो: हवं ते सगळं घरी उपलब्ध असताना माणूस ते घरीच पाहील, त्याला विमान कशाला हवं? तो का पाहत नाही याचं उत्तर देणारे दोन अभ्यास आहेत. डॅनियल रीड, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि शोभना कल्याणरामन यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना २४ सिनेमांतून तीन निवडायला सांगितले. जो सिनेमा आजच पाहायचा होता तो लोकांनी हलकाफुलका निवडला. जे पुढच्या दिवसांसाठी होते त्यांत ‘शिंडलर्स लिस्ट’सारख्या जड सिनेमांचं प्रमाण वाढलं. दहा वर्षांनी कॅथरिन मिल्कमन, टॉड रॉजर्स आणि मॅक्स बेझरमन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका भाड्यानं डीव्हीडी देणाऱ्या कंपनीच्या नोंदी तपासल्या. पाहायला हवेत म्हणून मागवलेले सिनेमे लोकांच्या घरी जास्त दिवस पडून राहत होते आणि मजेसाठी मागवलेले लवकर परत जात होते. म्हणजे चांगलं पाहण्याची इच्छा खोटी नसते. ती उद्यावर टाकलेली असते आणि घरात उद्याला अंत नसतो. आज नाही तर शनिवारी, शनिवारी पाहुणे आले तर पुढच्या आठवड्यात. विमानात उद्या नाही. उतरल्यावर ही यादी जाणार, पुढच्या महिन्यात वेगळी येणार. उद्यावर टाकण्याची सोयच काढून घेतली की राहून गेलेल्या गोष्टीला पाळी मिळते.

कोणी म्हणेल, याच प्रयोगानुसार विमानात बसलेला माणूस तर आत्ताचाच निर्णय घेत असतो, मग तोही हलकंफुलकंच निवडेल. पहिला सिनेमा तो तसाच निवडतो, हे मान्य आहे. बहुतेकांचा दुसराही तसाच असेल. पण जिभेला जसा एका चवीचा वीट येतो तसा तो इथंही येतो. दोन हाणामाऱ्या ओळीनं पाहिल्यावर तिसरी लावताना हात थांबतो. घरी या क्षणी माणूस उठून चहा टाकतो किंवा झोपायला जातो. आसनावर पट्टा बांधलेला माणूस यादीत खाली सरकतो. या तिसऱ्या-चौथ्या निवडीतच सरमिसळ असते. दीड तासाच्या मुंबई-गोवा उड्डाणात ती कधी होणार नाही, कारण तिथं पहिल्याच आवडीला वेळ पुरत नाही.

आणि एकटी आवडच निवडत नसते. पेद्रू गार्देते या संशोधकानं २०१५ मध्ये विमानातल्या खरेदीचा अभ्यास मांडला. जवळपास दोन हजार उड्डाणांतले ६५ हजारांवर व्यवहार त्यानं तपासले. पुढच्या आसनाच्या पडद्यावरूनच प्रवासी खाणंपिणं आणि सिनेमे विकत घेत होते. बाजूच्या प्रवाशानं काही घेतलेलं दिसलं तर आपण घेण्याची शक्यता सरासरी ३० टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. हा नियम पाहण्यालाही लागू पडतो असं मी धरून चालतो, कारण विमानात दुसऱ्याचा पडदा टाळताच येत नाही. मधल्या वाटेपलीकडे, एक रांग पुढे, तिरक्या रेषेत कोणाचा तरी पडदा उजळलेला असतो. त्यावर बर्फात एक म्हातारा लाकडं फोडतोय. आवाज नाही, भाषा कळत नाही, खाली अक्षरं पळतात ती इतक्या दुरून लागत नाहीत. आपल्या पडद्यावर नायक बोलतोय आणि नजर पुन्हा पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे जाते, कारण त्यानं आता कुऱ्हाड खाली ठेवली आहे आणि तो दाराकडे पाहतो आहे. दाराआड कोण आहे? आपला सिनेमा थांबवून माणूस यादीत तो बर्फ शोधू लागतो. कुठल्याही यंत्रानं केलेल्या शिफारशीपेक्षा हा मार्ग मला जास्त विश्वासाचा वाटतो. ज्यानं तो सिनेमा लावला त्याला आपल्याला काही विकायचं नव्हतं. टाळता न येणाऱ्या पडद्याला दुसरी बाजूही आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सिडनीहून टोकियोला निघालेल्या क्वांटासच्या विमानात वैयक्तिक निवडीची यंत्रणा बंद पडली आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच सिनेमा लागला. तो फक्त प्रौढांसाठीचा निघाला. मुलं असलेल्या आईबापांची कुचंबणा झाली, सिनेमा बदलावा लागला, कंपनीनं माफी मागितली. एका पडद्याचा काळ परत यावा असं ज्यांना वाटतं त्यांना त्या काळाची अडचण या एका उड्डाणात पुरेशी दिसते.

सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप सिनेमा बनवणाऱ्यांचा आहे. छायालेखकानं महिनोन् महिने घालवून उभी केलेली चौकट तळहाताएवढ्या काचेवर, उजेडाची तिरीप पडत असताना, इंजिनाच्या घरघरीत आणि मध्येच पायलटची घोषणा ऐकत पाहणं हा त्या कामाचा अपमान आहे, असं ते म्हणतात. जे सिनेमे प्रकाश आणि शांतता यांवर उभे आहेत त्यांच्याबाबत त्यांचं खरं आहे आणि ते तिथं पाहू नयेत. शिवाय पाहणारं शरीरही नेहमीचं नसतं. विमानातल्या हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो. २००७ मध्ये ५०२ स्वयंसेवकांवर झालेल्या एका प्रयोगात त्या दाबाला रक्तातला प्राणवायू सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी झाला. हवा कोरडी, झोप अपुरी, मागे सोडलेलं घर अजून मनात. विमानात सिनेमा पाहताना जास्त रडू येतं असं पुष्कळांना वाटतं. व्हर्जिन अटलांटिकनं २०११ मध्ये केलेल्या पाहणीत ४१ टक्के पुरुषांनी अश्रू लपवायला पांघरूण ओढून घेतल्याचं सांगितलं होतं. विमान कंपनीनं स्वतःच्या प्रवाशांना विचारलेल्या प्रश्नांना मी पुराव्याचं स्थान देणार नाही, आणि अश्रूंचं खापर प्राणवायूवर फोडायलाही आधार नाही. मला दुसरं कारण अधिक पटतं: जो पुरुष घरी आई-मुलीच्या नात्यावरचा सिनेमा लावणारच नाही, तो इथं तिसऱ्या क्रमांकाला तो लावतो. सवय नसलेल्या जागी हात लागला की कळ जास्त येते.

शिवाय मोठा पडदा की छोटा, असा पर्याय बहुतेक वेळा समोर नसतोच. मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला सकाळी साडेनऊचा नाहीतर रात्रीचा शेवटचा खेळ मिळतो, ही तक्रार इतकी जुनी आहे की २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला मराठी सिनेमासाठी प्राइम टाइम सक्तीचा करावा लागला. जो सिनेमा पहिल्या आठवड्यातच उतरतो, जो जिल्ह्याच्या गावी पोहोचतच नाही, तो चित्रपटगृहात पाहा असं सांगण्यात प्रेक्षकाची चेष्टा होते. छोट्या पडद्यावर पाहणं किंवा कधीच न पाहणं, असा हिशेब असेल तर मी छोट्या पडद्याच्या बाजूनं उभा राहीन. दुबईला, सिंगापूरला, अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या यादीत मराठी सिनेमा इंग्रजी उपशीर्षकांसह असावा यासाठी निर्मात्यांनी आणि शासनानं खटपट करायला हवी, असंही मला आग्रहानं वाटतं. त्या यादीत तो मराठी माणसाला तर दिसेलच, पण एक रांग मागे बसलेल्या पोलंडच्या किंवा केनियाच्या माणसालाही दिसेल, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता आपल्याकडे आज नाही.

खिडकीचा आक्षेप मात्र मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. दिवसा वरंधा घाटातून किंवा पावसाळ्यात कोकण रेल्वेनं जाताना मांडीवर सिनेमा चालू ठेवणं हे नुकसान आहे. शरीरही तेच सांगतं. डोळे स्थिर चित्राकडे, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वळण-खड्डे मोजतो आहे. दोघांची साक्ष जुळली नाही की मळमळ सुरू होते. केबिनवरचा टीव्ही पाहताना मान वर असायची आणि समोरच्या काचेतून रस्ताही डोळ्यांच्या टप्प्यात असायचा, म्हणून तो त्या मानानं सोसायचा. मांडीवरच्या मोबाइलमध्ये मान खाली आणि रस्ता दिसेनासा, म्हणून घाट तर घाट, साध्या रस्त्यावरही पोट ढवळतं. सिनेमाची वेळ रात्रीची, ढगांवरची, सरळसोट महामार्गाची.

मोबाइलनं उरलेली सगळी मांडणी फिरवली. २०१६ या एका वर्षात नेटफ्लिक्स भारतात आलं, जिओनं डेटा स्वस्त केला आणि सिनेमा उतरवून ठेवायची सोयही झाली. मग रेल्वेनं केलेला प्रयत्न उशिराचा ठरला. मे २०१७ मध्ये मुंबई-करमळी तेजस एक्स्प्रेस आसनाआसनावर पडदे घेऊन निघाली. पहिल्याच फेरीनंतर हेडफोन गायब झाले होते आणि पडद्यांवर ओरखडे होते, आणि पुढच्या वर्षी पडदे काढण्याचा निर्णय झाला. एसटीनंही साधारण त्याच सुमारास गाड्यांत वायफायच्या पेट्या बसवून पाहिल्या. त्यांत इंटरनेट नव्हतं. पेटीत आधीच भरलेले सिनेमे प्रवाशानं आपल्या मोबाइलवर पाहायचे होते. ही कल्पना टिकली नाही याचं मला वाईट वाटतं, कारण तिच्यात यादी दुसऱ्याची आणि आवाज ज्याचा त्याचा, असे दोन्ही गुण होते. आज परिस्थिती व्हिडिओ कोचच्या उलट आहे आणि तरी जाच तोच आहे: पडदा खासगी झाला, आवाज पुन्हा सार्वजनिक. शेजाऱ्याच्या मोबाइलवरचा संवाद ऐकू येतो, चित्र दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये बेस्टला आपल्या बसगाड्यांत हेडफोनशिवाय ध्वनी-चित्रफिती लावायला बंदी घालावी लागली. आणि मांडीवर झुकलेल्या मोबाइलचा पडदा तिरक्या रेषेतल्या कोणाला दिसत नाही, म्हणून बर्फातला म्हातारा आता कोणाला खुणावत नाही.

काही कंपन्यांच्या विमानांतूनही पाठीवरचे पडदे कमी झाले आहेत. अमेरिकन एअरलाइन्सनं २०१७ मध्येच आपल्या नव्या ७३७ मॅक्स विमानांत ते नसतील असं जाहीर केलं. प्रवाशाच्या खिशात पडदा असताना वजन आणि तारा का वाहायच्या, हा त्यांचा हिशेब बरोबर आहे. तेव्हा अनोळखी यादी आता आपणच तयार करून नेली पाहिजे, आणि ते जमण्याजोगं आहे. एकाच वेळी पुढच्या अनेक प्रसंगांसाठी निवड करताना माणूस जास्त वैविध्य घेतो, हे इतामार सायमनसनच्या १९९० मधल्या प्रयोगांत दिसलं होतं. म्हणून सिनेमे गाडीत बसल्यावर शोधू नयेत, दोन दिवस आधी एका बैठकीत उतरवून ठेवावेत. पाचांतले दोन घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी निवडू द्यावेत, शक्य तर वयानं फार लहान किंवा फार मोठ्या माणसाला. त्यांत एक अशा भाषेतला असावा जी कळत नाही. बाकीचं काम कोकण रेल्वे करते. नव्वदच्या वर बोगदे आहेत, मध्ये मध्ये रेंज जाते. रात्रीच्या गाडीत उक्षी मागे पडलं आणि साडेसहा किलोमीटरचा करबुडेचा बोगदा सुरू झाला, की ओळखीच्या सिनेमाचं गोल चक्र पडद्यावर फिरत राहतं, आणि चालू होतो तो फक्त आजीनं निवडलेला.